विंचू परक्याला चावत नाही

काशानचे विंचू परक्याला चावत नाहीत. कारवानसराईत मुक्कामाला उतरलेला मुशाफिर झोपण्याआधी भिंतीकडे तोंड करून ‘मी परका आहे’ एवढं म्हणतो आणि निर्धास्त आडवा होतो. हे मी आईकडून ऐकलं, आईने तिच्या आईकडून. मी तारऑफिसच्या साहेबाकडे कामाला लागले त्याच उन्हाळ्यात तिथल्या फिरंगी कारकुनाच्या घोट्याला विंचू चावला. आठ दिवस त्याचा पाय खांबासारखा सुजून होता. तेव्हाच मला अक्कल यायला हवी होती. पण मी म्हटलं, त्याने ते वाक्य म्हटलं नसेल.

हे आधी सांगते, कारण नुसरतच्या घरी जे झालं ते माझ्या याच खोडीमुळे झालं.

साहेबाच्या बायकोचं नाव हॅरिएट. मी तिला खानम म्हणायचे. तीन वर्षांत ती आमची भाषा बरी बोलू लागली होती, अडली की मी सांभाळून घ्यायचे. शहरात तिची मैत्रीण एकच, रेशमाच्या व्यापाऱ्याची सून नुसरत. महिन्यातून एकदा तरी आम्ही तिच्या जनानखान्यात जात असू. तिथे एक ठरलेला खेळ असे. चहाचा पहिला पेला झाला की बायका खानमची बटणं मोजत, बाह्या वर करून बघत आणि तिच्या कामट्या घातलेल्या चोळीवर बोटांनी टकटक करून हसत. नुसरतची जाऊ गुलअंदाम दर वेळी विचारी, हा पिंजरा नवऱ्याने घातला की बापाने? पहिल्यांदा खानम रडवेली झाली होती. पुढे पुढे ती आपणहून हात वर करून उभी राहायची.

त्या वर्षी तिला दिवस गेले आणि साहेबाने तिचं बाहेर जाणं बंद केलं. तसल्या अवस्थेत बाई चारचौघांत दिसू नये, अशी त्यांच्याकडची रीत. खानमला ताप येतोय, असं मी सगळीकडे सांगत राहिले. हिवाळा लागताना मुलगा झाला. तो दोन दिवस जगला. इस्फहानहून घोड्यावर निघालेला डॉक्टर चौथ्या दिवशी पोचला. त्याने दूध आटावं म्हणून छाती पट्ट्यांनी आवळून बांधायला सांगितली आणि मुलाचा विषय घरात काढू नका असं बजावलं. साहेबाने आपल्या हाताने बागेतल्या डाळिंबाखाली खड्डा खणला होता. वर दगड ठेवला नाही. मग माझा हात कुराणावर ठेवून, यातला एक शब्दही बाहेर जाणार नाही अशी शपथ घेववली. खानम रडली नाही. सकाळ-संध्याकाळ मी पट्ट्या बदलायचे, तेव्हा ती खिडकीकडे बघत बसायची.

सोळाव्या दिवशी नुसरतचा निरोप आला. मुलगा झालाय, आज दहावा दिवस, खानमने यावं.

नुसरतची आधीची चार मुलं चिल्ल्याच्या आतच गेली होती. बाळंतिणीचे आणि बाळाचे पहिले चाळीस दिवस म्हणजे चिल्ला. जिचं मूल दगावलंय आणि जिचे स्वतःचे चाळीस दिवस भरायचेत अशी बाई त्या खोलीत आली, तर तिचा चिल्ला बाळावर पडतो आणि बाळ राहत नाही. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. चार गेली म्हणून या पाचव्याचं नाव त्यांनी बमानअली ठेवलं होतं. बमान म्हणजे राहा.

मी खानमला म्हटलं, अजून अंगात ताकद नाही, पुढच्या महिन्यात जाऊ. ती म्हणाली, “तिला मुलगा झालाय, खावर. मी गेले नाही तर ती काय समजेल?”

खरं कारण सांगायचं तर मुलाचा विषय काढावा लागला असता, तो डॉक्टरने बंद केला होता, आणि मी फार जोरही केला नाही. त्यांचा देव वेगळा, महिने वेगळे, दिवस मोजायची रीत वेगळी. आमचा चिल्ला त्यांना कसा लागेल? विंचवासारखंच ते, असं मी धरून चालले. डोक्यावरून चादर घेतली आणि तिच्यामागे निघाले.

खोलीत शेगडीवर चौरंग, त्यावर दुलई, आणि दुलईत पाय घालून सगळ्या बायका बसलेल्या. नुसरतच्या उशाशी सळईत ओवलेले कांदे होते, बाळंतिणीला बाधा होऊ नये म्हणून. सासू बीबी शहरबानू हुक्का ओढत होती. नुसरत पांढरीफटक, पण हसत होती. इतके महिने कुठे गडप झाला होतात म्हणून ती खानमवर रुसली, आणि लगेच रुसवा सोडून बाळंतिणीसाठी करतात त्या काची नावाच्या शिऱ्याची वाटी तिच्यापुढे सरकवली. बाळ झोपलं होतं. खानमने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि नजर वाटीत घातली.

चहा झाला. गुलअंदाम उठून आली आणि नेहमीसारखी तिच्या झग्याला हात लावून म्हणाली, “आज पिंजरा नाही वाटतं. पाखरू उडालं?”

सगळ्या हसल्या. त्या आवाजाने बमानअली जागा झाला आणि भुकेने रडू लागला.

मी खानमच्याच चेहऱ्याकडे बघत होते, म्हणून पुढचं सगळं मला क्रमाने आठवतं. आधी तिने श्वास रोखला. मग राखाडी झग्यावर डाव्या बाजूला वालाच्या दाण्याएवढा काळपट ठिपका उमटला. बाळाचं रडणं चढलं तसा तो अक्रोडाएवढा झाला. मग उजवीकडे दुसरा. गुलअंदामचा हात तिथेच होता. तिने बोटं नाकाशी नेली.

“दूध आहे,” ती म्हणाली.

कोणी हसलं नाही. बीबीने हुक्क्याची नळी खाली ठेवली.

“खानम, तुमचं मूल कुठे आहे?”

खानमने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

“बागेत,” ती आमच्या भाषेत म्हणाली.

“या थंडीत? कोणाजवळ?”

“डाळिंबाखाली.”

कोणीतरी तोंडावर चादरीचं टोक दाबलं. नुसरतने बाळाला उचललं आणि बसल्या बसल्या सरकत भिंतीला जाऊन टेकली. तिच्या पायाने चहाचे पेले कलंडले, ते कोणी सावरले नाहीत. घटकेपूर्वी जिच्यापुढे शिरा सरकवला होता तिच्याकडे ती आता लांडग्याकडे बघावं तशी बघत होती. बीबीने दिवस विचारले. मी सोळा सांगितले.

“आणि तुला हे ठाऊक होतं,” बीबी मला म्हणाली.

“मला वाटलं, त्यांना लागत नाही.”

“मरण लागलं ना त्यांना? मग चिल्ला का लागणार नाही?”

 

खानमला काहीच कळत नव्हतं. मी तिला सांगितलं, दोन-तीन वाक्यांत, जमेल तसं. ऐकता ऐकता तिचे ओठ पांढरे झाले. मला माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं, असं पुटपुटत ती शाल ओढून दाराकडे निघाली. बीबीने तिला मनगटाला धरून खाली बसवलं. तशीच गेलीस तर तुझा चिल्ला इथेच राहील, म्हणाली.

उतारा सगळ्यांना माहीत होता. चिल्ल्यातल्या दोघी समोरासमोर आल्या तर प्रत्येकीने दुसरीच्या मुलाला पाजायचं, की फिटलं. पण इथे एक मूल मातीत होतं.  बीबीने तांब्याचा कटोरा आणायला सांगितला. नुसरतने आपलं दूध त्यात काढायचं, खावरने ते नेऊन डाळिंबाखाली घालायचं, आणि खानमने बमानअलीला इथेच पाजायचं.

गुलअंदाम म्हणाली, फिरंगिणीचं दूध? डुक्कर खातात हे लोक. मी सांगितलं की सोळा दिवसांत खानमच्या पोटात मटणाच्या पाण्याशिवाय आणि रोटीशिवाय काही गेलेलं नाही.

“मग झालं,” बीबी म्हणाली. “तुझ्या नवऱ्याच्या पोटात काय काय जातं ते मला बोलायला लावू नकोस.”

पण नुसरत बाळ सोडेना. ती नुसती मान हलवत होती आणि बाळ तिच्या हातात रडून निळं पडत होतं. चार वेळा तिच्या मांडीवरून मूल उचलून नेलं होतं. पाचवं ती कोणाच्या हातात देणार, आणि तेही या बाईच्या?

मी खानमची बटणं सोडली. आतल्या तिन्ही पट्ट्या भिजून जड झाल्या होत्या. त्या उलगडल्यावर खाली कातडीवर आडवे लाल वळ दिसले, काही ठिकाणी सोललेले. एरवी एकेक बटण मोजणाऱ्या बायका खाली बघू लागल्या. नुसरत तेवढी बघत राहिली.

“हे कोणी बांधलं?”

“डॉक्टरने सांगितलं,” खानम म्हणाली. “विसरायला बरं.”

नुसरतचं मान हलवणं थांबलं. ती गुडघ्यांवर सरकत पुढे आली आणि बाळ तिने स्वतः खानमच्या मांडीवर ठेवलं. आपला एक हात मात्र त्याच्या पायावरून काढला नाही.

बाळ छातीला लागलं. खोलीत फक्त त्याच्या गिळण्याचा आवाज होता. खानम ताठ बसली होती, हात कुठे ठेवावेत ते विसरल्यासारखी.

कटोरा भरला तेव्हा बीबीने विचारलं, नाव काय त्याचं? माती नावाशिवाय काही घेत नाही.

नाव नव्हतं. खानमने सांगितलं, पाद्री जवळपास नव्हता, आणि साहेब म्हणाला की आता नावाची गरज नाही. मला वाटलं होतं, त्या दिवसाचा सगळ्यात मोठा धक्का होऊन गेला. पण बीबीचा चेहरा आता जेवढा उतरला तेवढा आधी उतरला नव्हता.

“दोन दिवस जगला आणि नाव नाही? पाद्री नसेल, पोरी. तू होतीस ना?”

 खानम बाळाकडे बघत म्हणाली, “टॉम.”

“तोम,” बीबी म्हणाली. मागोमाग गुलअंदामही म्हणाली, मग एकेक करून सगळ्या, जिभेवर बसेपर्यंत.

कटोरा झाकून मी चालत आणला. बागेतली माती गोठली होती. दूध वरच पसरलं, आत जिरेना. मी फाटकाच्या किल्लीने माती उकरली. तोम, नुसरतकडचं आहे, घे, असं म्हटलं. खानम माझ्या शेजारी बसली आणि ते संपूर्ण जिरेपर्यंत हाताने माती कालवत राहिली. तिचे खांदे हलत होते. सोळा दिवसांत पहिल्यांदा.

पुढचे तीस दिवस मी रोज सकाळी व्यापाऱ्याच्या दाराशी जाऊन, बाळ कसं आहे विचारून येई. दार फटीएवढं उघडे. “आहे,” एवढंच सांगून ते लागे. खानम फाटकाशी माझी वाट बघत उभी असे.

बाळाच्या एकेचाळिसाव्या सकाळी साहेब ओसरीवर चहा पीत होता. फाटकातून व्यापाऱ्याकडची मोलकरीण आली, डोक्यावर रुमालाने झाकलेलं तबक. बमानअलीचा चिल्ला भरला, काल त्याला हमामात न्हायला नेलं. आमच्या शहरात बाईला मुलाच्या नावाने हाक मारतात, तशीच तिने मारली.

“तोमची आई घरात आहे का?”

साहेबाने मला विचारलं, हा तोम कोण. शपथ मी आधी मोडली नव्हती, पहिला शब्द खानमचाच होता. तेवढ्यात खानम आतून धावतच आली, केसही न बांधता.

“आहे,” ती मोठ्याने म्हणाली. “आले.”

साहेब तिच्याकडे बघत राहिला. त्याने पेला खाली ठेवला, तो बशीच्या बाहेर.