डावी पाकळी

वरकुट्याच्या ओढ्याकाठी बिरोबाचं ठेंगणं देऊळ आहे. तिथं रोज सकाळी दिवा लावल्याशिवाय म्हाळसाबाईंच्या तोंडात पाण्याचा थेंब जात नसे. सासू गेली त्या सालापासूनचा नेम. पाऊस असो, अंगात ताप असो, नेम चुकला नाही. आता दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा आला होता, तरी पाय वाट ओळखत होते आणि हात दिव्याचा कोनाडा.

बारामतीच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "आजी, मोतीबिंदू चांगला पिकलाय, ऑपरेशन करून घ्या. अजून थांबलात तर डोळ्यात दाब वाढेल. मग आमच्याही हातात काही राहणार नाही."

"देवाला इचारते आन सांगते," म्हाळसाबाई म्हणाल्या आणि उठल्या.

म्हणूनच त्यांची लेक रोहिणी पुण्याहून आली होती. येताना काम घेऊनच आली. तिची प्रयोगशाळा पुण्यात, यंत्रही तिथंच. पण घरच्या ओसरीवर बसून लॅपटॉपवरून ते चालवता येत होतं.

"तुझं काम तरी काय गं?" आईनं एका दुपारी विचारलं. "दिसभर त्या पाटीकडं बघतीस आन कपाळाला आठ्या घालतीस."

रोहिणीनं लॅपटॉप बाजूला सरकवला. "एक बारीकशी चकती असते आई, बर्फाहून कितीतरी पट गार ठेवलेली. तिच्यावर विजेचं एक इवलं वेटोळं. त्याला क्यूबिट म्हणतात. त्याच्या मनात शून्य आहे का एक, एवढंच मला ओळखायचं असतं."

"मग बघायचं की."

"सरळ हात लावला तर ते बिघडतं. म्हणून त्याच्या शेजारी एक तार ठेवलेली असते, रेझोनेटर. भांड्यावर टिचकी मारल्यावर ते घुमतं ना, तशी ती तार सूक्ष्मलहरींनी घुमते. आत शून्य असेल तर एक नाद, एक असेल तर किंचित वेगळा. तो नाद ऐकून आम्ही ओळखतो."

आईनं शेंगा फोडता फोडता मान डोलावली. "म्हंजी घरात काय चाललंय ते शेजारणीला इचारायचं."

रोहिणी खळखळून हसली. "तसंच. हळू विचारलं तर गोंगाटात उत्तर ऐकू येत नाही. ओरडून विचारलं तर घरातलेच दचकतात."

"आन लई येळ इचारत बसलं तर?"

"तर एकाचं आपोआप शून्य होऊन जातं. म्हणून झटक्यात विचारायचं, आणि बरोबर ऐकायचं."

"शेजारणीला इचारलं की आपल्या घरातलं बी तिकडं जातंय, ते ध्यानात ठेव," आई म्हणाली. रोहिणीला कौतुक वाटलं. तोही एक खराच त्रास होता. क्यूबिटमधली ऊर्जा त्या तारेतूनच गळत असे, आणि ती अडवायला वेगळी गाळणी बसवावी लागत असे.

कौल लावायचा दिवस उजाडला. थोरला भाऊ समर्थ लोणी देवकरच्या कंपनीत रात्रपाळी करून थेट देवळातच आला. आई देवापुढं भंडारा उधळत होती. तेवढ्यात त्यानं बहिणीला खांबाआड ओढलं.

"तिला काय दिसणार हाय? कुठली पडली ते तुलाच इचारंल. उजवी म्हण आन संपीव."

"दादा, देवासमोर?"

"देव समजून घील गं. डोळा न्हाय समजून घ्यायचा."

मनातून रोहिणीलाही तेच हवं होतं.

घरची रीत अशी: झेंडूच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून देवाच्या तांदळ्यावर, म्हणजे त्या गोल दगडावर, डाव्या-उजव्या अंगाला चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तेही उदबत्ती जळतेय तोवरच. त्यानंतर पाकळी वाळून कुठलीही पडते, ते देवाचं बोलणं नव्हे. आणि एकदा विचारलेलं वर्षभर पुन्हा विचारायचं नाही.

आईनं चाचपडत पाकळ्या लावल्या, हात जोडले. उदबत्तीचा धूर सरळ वर निघाला होता. थोड्याच वेळात एक पाकळी घसरली आणि टपकन खाली आली.

"कुठली गं?"

समर्थनं डोळे मोठे केले. रोहिणीच्या ओठांवर 'उजवी' आली होती. आईचा चेहरा तिच्याकडं वळलेला होता, त्यात शंकेचा लवलेश नव्हता.

"डावी," ती म्हणाली.

"बरं," आई शांतपणे म्हणाली. "पुढल्या साली बघू."

घरी येईस्तोवर समर्थ पुटपुटत होता. "लई शिकलीस बाई. शून्य-एक वाचायचा पगार घेतीस, आन आईच्या डोळ्याला शून्य दिऊन बसलीस."

रोहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं बोलल्याचा पस्तावा नव्हता, पण वर्षभरानं त्या डोळ्यांत काय उरेल, ते तिला ठाऊक होतं.

संध्याकाळी प्रयोगशाळेतून दिग्विजय सरांचा फोन आला. "रोहिणी, वाचनाचा वेग मस्त आलाय तुझा. पण चुका एकाच बाजूला झुकल्यात, बघितलंस का?"

"बघितलं सर. आज काहीच न विचारता मोजून बघते."

म्हणजे क्यूबिटला नुसतं शून्यात निवांत बसू द्यायचं आणि तरीही वाचन घ्यायचं. उत्तर आधीच माहीत असतं. मग चूक दिसली तर ती क्यूबिटची नव्हे, वाचणाऱ्याची. पडद्यावर ठिपक्यांचे दोन पुंजके उमटतात, शून्याचा डावीकडं, एकाचा उजवीकडं. त्या दिवशी शून्यातले बरेच ठिपके उजव्या पुंजक्यात मोजले जात होते, कारण मधली सीमारेषाच सरकलेली होती. तिनं ती जागेवर आणली. सर खूश झाले.

ती मात्र तशीच बसून राहिली. दगडाला असं कुणी कधी तपासलं होतं का? लगेच तिनं कानाला हात लावले. देवाची परीक्षा घ्यायची? पण मग वाटलं, प्रश्न न विचारता पाकळ्या वाहिल्या, तर ती पूजाच की.

सकाळी ती आईबरोबर गेली. "मी वाहू का फुलं आज?"

"वाहा की. त्यात इचारायचं काय?"

तिनं मनात काहीही न धरता दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावल्या. डावी पडली. दुसऱ्या सकाळी पाकळ्यांची अदलाबदल केली. डावीच पडली. तिसऱ्या खेपेला तिनं दगडाच्या डाव्या अंगावरून हलकेच बोट फिरवलं. भंडाऱ्याच्या पिवळ्या थराखाली बोट सुळकन घसरलं. वास घेतला. करडईचं तेल.

दिव्याचा कोनाडा देवाच्या डाव्या खांद्याशीच होता. आई बुधलीतून तेल ओतत होती. तेलाची धार पणतीच्या काठावर पडत होती आणि अर्धी बाहेरून दगडावर ओघळत होती. आईला ते दिसत नव्हतं.

"आई," रोहिणी हळूच म्हणाली, "तेल बाहेर सांडतंय गं. देवाच्या डाव्या अंगावर. तिथं पाणी धरत नाही, म्हणून पाकळी टिकत नाही. मी न विचारता लावून बघितलं. रोज तीच पडते."

आईनं बुधली खाली ठेवली. दगडावर हात फिरवला, बोटं एकमेकांवर चोळली. रोहिणीला वाटलं, आपण तिचा नेमच उष्टावला.

"म्हंजी म्या देवाला इचारलं," आई शेवटी म्हणाली, "आन उत्तर माझ्याच तेलानं दिलं."

"चुकलं का माझं?"

"तू का चुकशील? पडली तीच तर सांगितलीस. जा, घरनं डाळीचं पीठ आन ऊन पाणी आण."

दोघींनी देवाला न्हाऊ घातलं. पिठानं चोळून, पाणी घालून, कोरड्या फडक्यानं टिपून. मग भंडारा लावला. त्या दिवसापासून तेल ओतताना रोहिणी आईचा हात धरू लागली. रविवारी समर्थलाही बोलावलं. उत्तर तेलानं दिलं म्हंजी देवाला इचारलंच गेलं न्हाय, तवा आता इचारायला हरकत न्हाय, असं आईचं म्हणणं. आईनं पाकळ्या लावल्या, उदबत्ती लावली.

उदबत्ती अर्धी झाली. समर्थ या पायावरून त्या पायावर होत होता. राख वाकली, गळली. शेवटचा धूर गेला आणि उघडी काडी उरली.

"कुठली पडली?"

"एकही नाही," रोहिणी म्हणाली.

"खरं?"

"खरं. दोन्ही आहेत."

"आता गं?" समर्थनं डोक्याला हात लावला. "ह्यो देव बी बायकोला घाबरून गप बसणाऱ्यातला दिसतोय."

"गप बस मेल्या," आई म्हणाली, पण तिच्या ओठांच्या कडेला हसू होतं. ते हसू हळूहळू विरलं. ती देवळाच्या पायरीवर येऊन बसली. रोहिणी शेजारी टेकली. होकार नव्हता, नकार नव्हता. मागं लपायला काहीच उरलं नव्हतं.

"लई दुखतं का गं डोळ्याचं?" आईनं खाली बघत विचारलं.

एवढ्या दिवसांत हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता. रोहिणीनं तिचा खरखरीत हात हातात घेतला. "थेंब टाकून बधिर करतात. दाबल्यासारखं वाटतं म्हणे. उजेड दिसत राहतो. मी दारातच असेन."

"दारातच?"

"दारातच."

आई जराशानं उठली, पदर नीट केला. "मग चूल पेटीव घरी गेल्यावर. आज डोक्यावरनं आंघूळ करून घेते. सारजाच्या सुनंला डॉक्टरनं सांगितलं हुतं, आपरेशननंतर लई दिस डोक्याला पाणी लागू द्यायचं न्हाय."