तीन नंबरच्या खाटेची हिस्ट्री

माझ्या छातीत शिट्टी वाजते. फुशारकी मारत नाही, पण एकोणीस वर्षं डॉक्टर होऊ घातलेली पोरं रांग लावून ती ऐकायला येतात. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, त्यामुळे दर ठोक्याला थोडं रक्त उलटं फिरतं आणि फूऽ असा आवाज येतो. मेडिकल कॉलेजात परीक्षा आली की मला फोन येतो. मी धुतलेला शर्ट घालून जातो आणि तीन नंबरच्या खाटेवर पडून राहतो. पोरं मला शिट्टीकाका म्हणतात. पाठीमागे म्हणतात, पण मला ऐकू येतं. बिघाड छातीत आहे, कानात नाही.

मी धंद्याने शिंपी. जन्मभर लोकांच्या छातीला टेप लावली. टेप लागली रे लागली की माणूस श्वास ओढून छाती फुगवतो, आणि मग शर्ट ढगळ झाला म्हणून माझ्याच नावाने खडे फोडतो. तेव्हा माणूस अंगाने खोटं कसं बोलतो, हे मला कुणी शिकवायला नको.

दुकान बंद करून पाच वर्षं झाली. मुलगा लांब असतो. रविवारी फोन करतो, ‘बाकी काय’ असं तीनदा विचारतो आणि ठेवतो. घरात दिवसभर आवाज कुणाचा, तर पाण्याच्या मोटरचा. खरं सांगायचं तर परीक्षेची वाट विद्यार्थी पाहत नसतील एवढी मी पाहायचो. एका दिवसात बारा-पंधरा जण येतात, हात चोळून गरम करतात, माझ्या छातीवर ठेवतात आणि डोळे मिटून ऐकतात. वर्षभरात मला कुणी हात लावतं ते एवढंच.

छाती ऐकण्याआधी प्रश्न विचारायचे असतात. त्याला हिस्ट्री म्हणतात. ती माझी तोंडपाठ. जिना चढताना दम लागतो का? नाही. पायाला सूज? नाही. उशा किती घेता? एक. घरी कोण असतं? बायको आणि एक मुलगा. पहिल्या वर्षी हे तिथल्या मोठ्या डॉक्टर मॅडमनी कागदावर उतरवून घेतलं. तोच कागद दर वर्षी परीक्षकांच्या हातात असतो, त्यावरून उत्तरं ताडून बघतात.

पोरंही वस्ताद. वरच्या वर्गातली खालच्यांना आधीच सांगून ठेवतात, तीन नंबर म्हणजे शिट्टीकाका, दम नाही, सूज नाही, उशी एक. मग ती विचारल्यासारखं करतात आणि मी सांगितल्यासारखं करतो. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी ‘नाही’ लिहिलेलंही असतं. एखाद्याची स्टेथोस्कोपची नळी भलतीकडेच भटकायला लागली तर मी हळूच डाव्या कुशीवर वळतो. तिथे शिट्टी खणखणीत ऐकू येते. माझ्या कुशीवर पास झालेले किती डॉक्टर आज दवाखाने थाटून बसलेत, विचारू नका.

गोम एवढीच होती, की यंदा त्यातलं एकही उत्तर खरं नव्हतं.

मॅडमनी मला मागेच बजावलं होतं. “काका, दम लागायला लागला की त्याच दिवशी मला सांगायचं. मग ऑपरेशन करून झडप दुरुस्त करावी लागेल. अंगावर काढलंत तर जिवावर बेतेल.”

“आणि शिट्टी?” मी विचारलं.

“ती जाईल की. मग तुम्हाला बोलवायचं तरी कशाला?” असं म्हणून त्या हसल्या.

चेष्टेत बोलल्या हो त्या, मनात काही नव्हतं. पण ते वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं. पाच महिन्यांपूर्वी जिन्यात पहिल्यांदा मटकन बसलो, तेव्हा मला छातीच्या आधी परीक्षेची आठवण झाली. तोंडाला कुलूप लावलं आणि गप्प राहिलो.

परीक्षेच्या दिवशी अकरा जण झाले. बारावा नंबर एका मुलीचा. ती यायच्या आधी वॉर्डबॉय येऊन कानाशी लागला. “काका, हिला सांभाळून घ्या. मागच्या वर्षी आपटली होती. यंदा गेली तर घरचे कॉलेज सोडवणार आहेत.”

मुलगी आली. जाड चष्मा, एप्रनच्या खिशाला शाईचा डाग. स्टुलावर बसली, पण वही उघडेना.

“काका, जिना चढताना दम लागतो का?”

“नाही.”

बाकीची लगेच पुढच्या प्रश्नाला पळतात. ही नुसती बसून राहिली. मला रागच आला.

“नाही म्हटलं ना. लिही की. मला दम वगैरे... काही लागत नाही.”

“तुम्ही मध्येच थांबलात,” ती म्हणाली.

“थांबलो तर काय झालं? मी काय एक्सप्रेस गाडी आहे का?”

ती हसली, पण ऐकलं नाही. मला उठून बसायला लावलं आणि नळी माझ्या पाठीला लावली, अगदी खाली, बरगड्या संपतात तिथे. एकोणीस वर्षांत माझ्या पाठीकडे कुणी फिरकलं नव्हतं. शिट्टी पुढे वाजते, तर सगळी गर्दी पुढेच. ती म्हणाली, श्वास घ्या, सोडा, आणि कितीतरी वेळ ऐकत राहिली. मग माझ्या नडगीवर अंगठा दाबून धरला. उचलला तेव्हा तिथे खळगा तसाच राहिला.

“काकू घरी असतील ना?” तिने विचारलं. “त्यांचा नंबर द्या. तुम्ही झोपता कसे, ते त्यांना बरोबर माहीत असेल.”

आली का पंचाईत. कागदात हा प्रश्न नव्हता.

“ती फोन उचलत नाही,” मी म्हणालो.

“मग थोड्या वेळाने लावू?”

“कामात असते.”

तिने माझ्याकडे पाहिलं आणि “बरं” म्हणाली.

थोड्या वेळाने मोठ्या मॅडम आल्या. सोबत बाहेरून आलेले परीक्षक, टायवाले सर. मुलगी उभी राहून सांगायला लागली. रुग्णाला दम लागतो. दोन्ही फुफ्फुसांत खालच्या बाजूला चुरचुर ऐकू येते. पायाला सूज आहे. आडवं पडून झोप लागत नसावी.

सरांनी कागद पाहिला. “यात तर तू म्हणतेस त्यातलं काहीच नाही. तुला रुग्णाने सांगितलं?”

“नाही सर. ते नाही म्हणाले.”

“म्हणजे आधीचे अकरा जण बहिरे, आणि तुझेच कान तेवढे शाबूत?”

“अगं, यांना मी एकोणीस वर्षं ओळखते,” मॅडम म्हणाल्या. नळी त्यांच्या गळ्यातच होती, ती त्यांनी काढली नाही. “काका, तुम्हीच सांगा. दम लागतो?”

‘नाही’ जिभेवर तयार होतं. सवयीचा शब्द, बोललो असतो की माझं वर्षातलं एक दिवसाचं घर शाबूत राहिलं असतं. मुलगी नळी बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती. मला तिचा मनस्वी राग आला. कुणी सांगितलं होतं माझ्या पाठीकडे जायला? पण पाच महिने मी एकटा जिन्यात बसत होतो. शेजारी वरून खाली जात होते, मुलगा ‘बाकी काय’ विचारत होता. ऐकलं फक्त हिने. आणि तिलाच मी बुडवणार होतो.

“लागतो,” मी म्हणालो. “पहिल्या मजल्यापर्यंत दोनदा बसतो. उशा तीन लागतात. त्याही पुरत नाहीत, मग खुर्चीतच बसून राहतो. पोरीने बरोबर ऐकलंय. खोटं मी बोललो.”

सरांचं पेन थांबलं. मॅडमनी गळ्यातली नळी काढली आणि माझ्या मागे जाऊन पाठीला लावली. ऐकून झाल्यावर पुढे आल्या त्या चिडूनच.

“कमाल करता काका. जिवाशी खेळ चाललाय हा. आणि काकूंनी हे कसं चालू दिलं? लावा त्यांना फोन. मी बोलते त्यांच्याशी.”

पुन्हा ‘उचलत नाही’ म्हणता आलं असतं. पण एक खोटं काढल्यावर दुसरं टिकेना.

“ती नाही उचलणार मॅडम. तिला जाऊन सहा वर्षं झाली.”

मॅडम कागदाकडे बघत राहिल्या. “पण मागच्या वर्षीसुद्धा तुम्ही...”

“दर वर्षी सांगतो. घरी कोण असतं, हे मला दुसरं कुणी विचारत नाही. इथे विचारतात. बायको म्हटलं की निमूट लिहून घेतात. तेवढा एक दिवस ती असते.”

मॅडमनी तो जुना कागद घडी करून खिशात टाकला आणि मुलीला म्हणाल्या, “हिस्ट्री पुन्हा घे. पहिल्यापासून. आम्ही ऐकतो.”

मुलीने स्टूल ओढलं आणि वहीचं कोरं पान काढलं. दम विचारला, सूज विचारली, उशा विचारल्या. मी खरं खरं सांगितलं. मग ती थोडी थांबली.

“घरी कोण असतं, काका?”

पेन कागदाला टेकलेलं होतं, पण माझ्याआधी तिने काही लिहिलं नाही.

“कोणी नाही,” मी म्हणालो.

तिने ते लिहून घेतलं.