बाप बोलना

रंजिताच्या पहिल्या कादंबरीच्या पन्नास प्रती पुण्याहून आल्या, तेव्हा ती पुरुषोत्तमनगरच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसाचा नमुना गाळत होती. गळीत हंगाम भरात होता आणि दर दोन तासांनी नमुना ठरलेला. खोकं उचलून आणलं ते भाग्येशने. तो तिच्याच पाळीत काम करायचा.

"आव ताई, तुन्हं बाळ उनं! पेढा कोठे शेत?"

"रस शे. पी," रंजिता म्हणाली.

तिने नमुना पुरा गाळला, आकडा नोंदवला, हात धुतले आणि मग खोकं फोडलं. एक प्रत भाग्येशने तराजूवर ठेवली. दोनशे चौऱ्याऐंशी ग्रॅम आणि वर सहा दशांश. दोन वर्षं पहाटे उठून लिहिलेलं, चार प्रकाशकांनी परत पाठवलेलं पुस्तक एवढ्या वजनाचं होतं. आपल्याला आता काहीतरी वाटेल म्हणून रंजिता थोडी थांबली. परीक्षानळीत रंग बदलायची वाट बघतात तशी. रंग काही बदलला नाही.

मग तिने शेवटचं पान काढलं.

शेवटचं वाक्य तीन शब्दांचं होतं. तिने लिहिलं होतं, 'मग बाप बोलना.' छापलं होतं, 'मग बाप बोलेना.'

पुण्यामुंबईच्या माणसाला यात फार काही दिसणार नाही. पण अहिराणीत 'बोलना' म्हणजे बोलला. बसना म्हणजे बसला, उठना म्हणजे उठला. त्यात एक मात्रा घातली की प्रमाण मराठीतलं 'बोलेना' होतं, म्हणजे बोलायला तयार नाही. तिच्या कादंबरीतला बाप दोनशे वीस पानं मुलीशी अबोला धरतो आणि शेवटच्या वाक्यात बोलतो. काय बोलतो ते तिने मुद्दामच लिहिलं नव्हतं. छापलेल्या पुस्तकात तो बोलतच नव्हता.

मुद्रितशोधकाची चूक म्हणावी तर तीही नाही. नियम आधीच ठरला होता: पात्रांचं बोलणं अहिराणीत, निवेदन प्रमाण मराठीत. शेवटचं वाक्य निवेदनातलं. तेवढं एकच तिने घरच्या बोलीत लिहिलं होतं आणि कुणाला तसं सांगितलं नव्हतं. दुरुस्त्यांची यादी मात्र तिच्याकडे आली होती. एकशे त्रेचाळीस दुरुस्त्या. चौऱ्याण्णवपर्यंत तिने वाचल्या, तेवढ्यात पाळीचा भोंगा झाला आणि तिने मोबाइलवर 'सगळं ठीक' असं लिहून पाठवलं. रसाचा एक आकडा चुकीचा वाटला तर तीनदा तपासणारी मुलगी.

तिने प्रकाशकांना फोन लावला. नवनीत सर मूळचे इकडचेच, पण पुण्यात तीस वर्षं काढलेली.

"अरेरे," ते म्हणाले. "पण रंजिता, प्रती दुकानांत गेल्यात. दुसऱ्या आवृत्तीत बघू."

"बरं," ती म्हणाली आणि पुढच्या नमुन्याला लागली.

कादंबरीतला बाप कोण हे तिच्या कोरीट गावात कुणाला सांगायला नको होतं. सहा वर्षांपूर्वी रंजिताच्या वडिलांनी, लोटन आप्पांनी, तिचं सुरतेच्या मुलाशी लग्न ठरवलं होतं. साखरपुडा झाला. महिन्याभराने तिने एम. एस्सी.ला प्रवेश घेतला आणि लग्नाला नाही म्हणाली. आप्पांनी आवाज चढवला नाही. त्यांनी बोलणंच बंद केलं. काही सांगायचं असलं तर आईमार्फत. "तिले सांग, मोटर बंद करी टाक." ती समोर उभी असायची. असं दोन वर्षं आणि चार महिने चाललं.

मग एका सकाळी ती एसटीसाठी फाट्यावर धावत पोचली तर आप्पा तिथे दूध घालून परतत होते. तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "यष्टी गयी तुन्ही." मोटरसायकलवर त्यांनी तिला नंदुरबारला सोडलं आणि वाटेत आणखी एक शब्द बोलले नाहीत. पण अबोला तिथे संपला. कादंबरी तिने त्यासाठीच लिहिली होती. तो शब्द आपण ऐकला, हे आप्पांना तोंडाने सांगणं तिला जमलं नव्हतं.

पुस्तकाचं नाव व्हायला लागलं ते शेवटामुळे. एका समीक्षकाने लिहिलं की मराठीत इतका निर्दय शेवट फार दिवसांत वाचला नव्हता. दुसऱ्याने लिहिलं, लेखिका वाचकाला खोटा दिलासा देत नाही. नवनीत सर ती कात्रणं पाठवायचे आणि ती अंगठा पाठवायची. तिला आनंद होत नव्हता आणि वाईटही वाटत नव्हतं. जणू कुणा दुसऱ्याच बाईचं पुस्तक ती गावोगाव पोचवत होती. विसरवाडीच्या एका शिक्षकाने दहा प्रती मागवल्या, त्या तिने रविवारी स्वतः बसने नेऊन दिल्या. त्यानेही शेवटाचं कौतुक केलं. चहा झाला. ती परत आली.

नंदुरबारला वाचनालयात कार्यक्रम ठेवला होता. चाळीसेक माणसं, हार, नारळ. शेवटी एक प्राध्यापक उभे राहिले.

"बाप शेवटपर्यंत बोलत नाही. हे तुम्ही आधीपासून ठरवलं होतं का?"

खरं सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. अर्ध्याहून जास्त लोकांची घरची बोली अहिराणीच होती, हसून मोकळे झाले असते. रंजिताने माइक तोंडाशी नेला. सगळे तिच्याकडे समजूतदारपणे बघत होते.

"हो," ती म्हणाली. "आपल्याकडे बाप बोलत नाहीत."

टाळ्या पडल्या. स्वतःचा आवाज माइकमधून तिला व्यवस्थित ऐकू आला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात फोटोसकट बातमी होती. मथळा तिच्याच वाक्याचा. संध्याकाळी आईचा फोन आला.

"रंजे, तुन्हा आप्पानी पेपर वाचा."

"मंग?"

"मंग काय. पेपर घडी करी ठेवा नि वावरमा निंघी गया. जेवताना बी एक शबद बोलना नही. तू काय लिखं शे वं त्यामा?"

रविवारी रंजिता कोरीटला गेली. आप्पा पपईच्या वावरात ठिबकची नळी साफ करत बसले होते. तिला पाहून त्यांनी मान हलवली. ती समोर बसली, नळीचं दुसरं टोक धरलं. बसमध्ये तिने भूतकाळाचे प्रत्यय वगैरे सगळं मनात नीट मांडून ठेवलं होतं. ते राहिलं बाजूला.

"आप्पा, ते चुकीनं छापायनं. मी 'बाप बोलना' लिखं व्हतं. त्यासनी 'बोलेना' करी टाकं."

आप्पांनी नळी झटकली. "म्हंजे मी बोलनूच नही?"

"पुस्तकमा नही."

"कोनी कयं हाई?"

"पुनाना मानूसनी. पन छापाना पह्यले माले धाडेल व्हतं. मी न वाचताच हाव म्हनं."

"आनि पेपरमा?"

"ते मीच सांगं," ती म्हणाली. "सगळा तेच म्हनी ऱ्हायनात. मी बी हाव म्हनं."

आप्पांनी तारेने नळीच्या भोकातला क्षार काढला, फुंकर मारली, भोक उजेडाकडे धरून पाहिलं. मग पुढचं भोक घेतलं. तीन भोकं झाल्यावर म्हणाले, "लोकेसले आवडनं ना?"

"हाव."

"मंग ऱ्हाऊ दे. माले काय फरक पडस? गावमा इचारतीन त्ये इचारतीन. सांगसू, पोरगीनं पुस्तक शे, त्यामा तसंच ऱ्हास."

"पन तुम्ही बोलनात ना."

"हाव, बोलनू. यष्टी गयी, इतलंच बोलनू. त्यामा काय शे लिखाले?"

कुठल्या दिवशी, कुठल्या फाट्यावर, काय, हे रंजिताने कुणालाच सांगितलं नव्हतं. पुस्तकातही नव्हतं. आप्पांच्या लक्षात होतं.

तिच्या छातीत काहीतरी हललं, बधीर पाय जागा होताना मुंग्या येतात तसं. बरं वाटलं असं म्हणता येणार नाही. दुखलंच.

तिने तिथेच बांधावर उभं राहून नवनीत सरांना फोन लावला.

"सर, दुसरी आवृत्ती कधी छापायला जातेय?"

"उद्या. का?"

"शेवटच्या वाक्यातली मात्रा काढायची आहे. 'बोलना' हवं."

"रंजिता, सगळे शेवटाबद्दलच लिहिताहेत. ज्याने पहिली आवृत्ती वाचलीय तो विचारेल, हा बाप मधेच बोलायला कसा लागला?"

"मी सांगेन त्याला. वाचनालयातही मी खोटं बोलले, तेही सांगेन."

"ते तुमचं तुम्ही बघा. मी प्रकाशक म्हणून सांगतो. आता आहे तो शेवट माणसाच्या डोक्यात राहतो. तुम्ही म्हणता तसा केला की साधा होईल."

"साधाच होता, सर."

"पुरस्काराच्या समितीकडे पुस्तक गेलंय, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

नवनीत सरांनी सुस्कारा सोडला. इतकी वर्षं पुण्यात राहून ते एकदम घरच्या बोलीत आले. "मन्हा बाप बी असाच व्हता," ते म्हणाले. "शेवटलोंग नही बोलना." मग लगेच मराठीत, "पान दुरुस्त करून पाठवतो. या वेळी वाचून कळवा."

पान यायला पाऊण तास लागला. तोवर बाप-लेकीने दोन ओळींच्या नळ्या साफ केल्या. फोन वाजला तशी रंजिता पपईच्या सावलीत बसली. एकच शब्द बघायचा होता, पण तिने पानाच्या वरच्या टोकापासून सुरुवात केली, एकेका शब्दाखाली बोट सरकवत.

आप्पा नळ्या गुंडाळून उभे होते. घरी जायची वेळ झाली होती.

"कितलं शे आजून?"

"एक पान."

"मनमा काय वाची ऱ्हायनी? जोरमा वाच ना."

त्यांनी नळ्यांचं भेंडोळं खाली ठेवलं आणि बांधावर बसले. रंजिता पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.