भिमाबाबांची होडी

आमच्याकडे नवी होडी बांधली की उरलेल्या लाकडाची एक लहानशी होडी घरातल्या पोराला करून देतात. माझे सासरे भिमाबाबा आयुष्यभर होड्या बांधत आले, त्यामुळे माझ्या हेमालीकडे बाहुल्या नव्हत्या, होड्याच होत्या. डहाणूच्या किनाऱ्यावर सुकी मासळी विकून मी तिला शहरातल्या चांगल्या शाळेत घातलं. तिथे दिवाळीच्या सुट्टीआधी चिठ्ठीत ज्याचं नाव निघेल त्याला भेट द्यायची पद्धत आहे.

गेल्या वर्षी हेमालीच्या चिठ्ठीत नयन निघाला. त्यांची आशागडला चिकूची मोठी वाडी आहे. बाबांनी हात थरथरत असतानाही सागाची सुबक होडी केली, जुन्या जाळ्याचा तुकडा आत ठेवला. नवी होडी पाण्यात सोडताना लावतो तसं मी तिच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हळदीकुंकू लावलं. नयनने ती वर्गात उघडली आणि नाक धरलं. "बोंबलाचा वास येतोय," म्हणाला. वर्ग हसला. वर्षभर माझ्या पोरीचं नाव बोंबील पडलं. बाबांना आम्ही काही सांगितलं नव्हतं, पण पोरगी रडत घरी आली ते त्यांनी पाहिलंच. त्यानंतर त्यांनी पटाशी हातात धरली नाही. या पावसाळ्यात ते गेले.

यंदा शाळेच्या ग्रुपवर निरोप आला: पर्यावरणपूरक दिवाळी साजरी करू, विकतच्या प्लास्टिकच्या भेटी नकोत, घरातलं जुनं किंवा हाताने केलेलं आणा. मला वाटलं, ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी ही सवलत काढली आहे. गेल्या वर्षीचं हसणं ऐकून टीचरना आमची दया आली असणार. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्या घरात जुनं आणि हाताने केलेलं याशिवाय दुसरं असतं काय? बरं गाठलं आम्हाला.

मी स्टेशनजवळच्या बाजारातून रिमोटची लाल गाडी घेतली आणि चमकीच्या कागदात बांधली.

हेमाली म्हणाली, "आई, टीचरने विकतचं नको सांगितलंय."

"ते आपल्याला सांभाळून घेण्यासाठी. आपल्याला कोणी सांभाळून घ्यायची गरज नाय," मी म्हटलं.

कार्यक्रमाला पालकांनाही बोलावलं होतं. टेबलावर सगळ्या भेटी जुन्या साड्यांच्या आणि ओढण्यांच्या तुकड्यांत बांधलेल्या. चकाकत होती ती आमचीच. प्रगती टीचरनी ती उचलून सगळ्यांना दाखवली. "असं आपण करायचं नाही, हो ना मुलांनो?" नाव घेतलं नाही, पण घ्यायची गरजही नव्हती. हेमाली मान खाली घालून बसली. ज्यांच्या दारात दर वाढदिवसाला खोक्यांचा ढीग लागतो, त्या बायका माझ्याकडे बघून हळहळल्या. नाकाने कांदे सोलायचे म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिलं.

मग सगळ्यात चांगल्या भेटीचं पहिलं बक्षीस जाहीर झालं, नयनला. टीचरनी त्याच्या भेटीचं कापड सोडलं आणि आत बाबांची होडी होती. नाळेवर कुंकवाचा डाग तसाच.

"घरात पडून असलेली वस्तू नयनने पुढे दिली. याला म्हणतात पुनर्वापर," टीचर म्हणाल्या. त्यांनी ती नाकाशी नेली. "आणि बघा, अजून समुद्राचा वास येतोय."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी विचारलं, कुठून आणली. नयनची आई म्हणाली, "कोणीतरी दिली होती, आता आठवत नाही."

होडी ज्या मुलाला जायची त्यालाही मिळाली नाही. एवढी सुंदर वस्तू शाळेतच राहू दे म्हणून ती ऑफिसातल्या काचेच्या कपाटात ठेवायचं ठरलं, खाली नयनच्या नावाची पट्टी लावून.

सगळे पांगल्यावर मी हेमालीला घेऊन टीचरकडे गेले. "टीचर, ही माझ्या सासऱ्यांनी केलेली. त्यांच्या हातची शेवटची. ते आता नाहीत. हेमालीला परत मिळेल का?"

टीचर वाईट नाहीत, गोडच बोलल्या. "हेमालीची मम्मी, दिलेली भेट परत मागायची नसते. मुलांवर काय संस्कार होतील?" मग त्यांनी लाल गाडी माझ्या हातात दिली. "ही मात्र घरी न्या. हिच्याऐवजी हेमालीने उद्या काहीतरी हाताने करून आणावं."

मला खूप काही बोलायचं होतं. पण पोरीला अजून सहा वर्षं त्याच शाळेत काढायची आहेत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला आणि बाहेर पडले.

आम्ही किनाऱ्याच्या रस्त्याला लागलो. हेमाली म्हणाली, "आई, होडीला वास येतो ना अजून?"

"येतो."

"मग आज कोणी हसलं का नाय?"

समजूत घालायला दहा खोटी उत्तरं होती. पण बाबांच्या होडीबद्दल खोटं बोलवेना.

"तेव्हा ती तुझ्या हातात होती," मी म्हटलं.