कोरी मूस

सिद्धेश्वरमामांनी भट्टीत लालबुंद झालेल्या, माल वितळवायच्या रिकाम्या मुशीत पुडीतली पांढरी पूड चिमटीनं सोडली, माहूरच्या दिशेला हात जोडले आणि वळले, तर दारात मालविका उभी.

"लई लवकर आलात मॅडम. चहा सांगू का?"

एरवी ती दहाला यायची. आज शेवटची भट्टी, म्हणून डोळ्याला डोळा लागला नव्हता. नांदेडच्या कॉलेजामागच्या या पत्र्याच्या शेडमध्ये तीन वर्षं ती कच्चं सिलिकॉन वितळवून शुद्ध करत होती. सोलर पॅनेलला चालेल इतकं शुद्ध, तेही साध्या भट्टीत. लोखंड निघालं, ॲल्युमिनियम निघालं. बोरॉन तेवढं हटेना. हटायचं सोडा, मेलं वाढायचं! आत जाताना दहा लाखांत वीस भाग, बाहेर येताना तीस. मग चाळीस. मागच्या खेपेला बासष्ट. तिनं कच्चा माल बदलला, पाणी बदललं, एक नवी मूस खोक्यातून काढून थेट तपासणीला पाठवली. ती स्वच्छ निघाली. शेवटी तिचे मार्गदर्शक रेणुकादास सर म्हणाले, "कारण सापडलं तर सहा महिने मागता येतील. नाही सापडलं, तर बंद." आणि खोक्यात एकच मूस उरली होती.

"मामा, आता ते काय टाकलं तुम्ही?"

"टाकणखार हो. नवी मूस भाजताना टाकावाच लागतो. आमचे बाबा कंधारच्या दुकानात कोरी मूस कधीच चढवायचे न्हाईत. कोरी मूस माल खाते म्हणायचे."

मामा जातीचे सोनार. तयार दागिन्यांमुळे दुकान बंद पडलं, तेव्हा ते इथं भट्टीवर लागले होते.

टाकणखार. त्यात काय असतं ते शाळेतलं पोरही सांगेल. बोरॉन. मालविकानं हातानं चाचपत खुर्ची शोधली.

"दर वेळी टाकता?"

"हाव, दर वेळी. एकदाबी चुकलो न्हाई." मामांच्या आवाजात अभिमान होता. "अन् तुमचा तो आकडा काही केल्या उतरेना, म्हणून जरा जास्तच टाकून राहिलो. आज तर डबल टाकला. शेवटची हाय ना."

रडावं की या माणसाला धरून गदागदा हलवावं, तिला कळेना. तीन वर्षं मातीत गेली होती, आणि ज्यानं घालवली त्यानं बासष्टचा रिपोर्ट आला त्या दिवशी जेवणाचा डबासुद्धा उघडला नव्हता. तिच्या टेबलावर आजही त्यानं आणलेला रेणुकामातेचा प्रसाद होता.

तेवढ्यात रेणुकादास सर आले. हातात काम बंद केल्याचा कागद.

"मालविका, कारणाच्या रकान्यात काय लिहू? समजलं नाही, असंच ना?"

मामा सांडशी पुसत उभे होते. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. गप्प बसणं सोपं होतं. एक शब्द बोलायचा नाही, बस. पण तिला ते सहा महिने हवे होते. फार हवे होते.

"कारण सापडलं सर," ती म्हणाली. "मुशीत टाकणखार पडतोय."

"टाकणखार? टाकतंय कोण?"

तिनं टेबलावरच्या प्रसादाकडे पाहिलं.

"मी साहेब," मामा म्हणाले. "दर खेपेला." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "त्यात असतं का ते तुमचं बोरॉन?"

मालविकानं होकारार्थी मान हलवली.

सरांनी कपाळावर हात मारला. "अहो मामा, एका शब्दानं विचारायचं तरी!"

"विचारायचं सुचलंच न्हाई. वाटलं, हे तर आपल्याला येतंय."

सरांना हसू आवरेना, इतकं त्यांना हलकं वाटलं होतं. त्यांनी तो कागद फाडला. "सहा महिने मिळालेच समज," म्हणत ते फोन करायला बाहेर गेले.

मामांनी भट्टी बंद केली. सांडशीनं मूस उतरवून वाळूत ठेवली. आतून ती चकचकीत झाली होती, एकसारखी. अगदी हवी तशी भाजली होती.

"मॅडम, खरंच मिळतील ना सहा महिने?"

"मिळतील मामा."

"बरं झालं." ते मनापासून म्हणाले. मग त्यांनी करदोट्याला बांधलेली शेडची किल्ली सोडली आणि टेबलावर, प्रसादाशेजारी ठेवली.

"मामा, असं काय करता? नव्या मुशी येतील. तुम्ही या उद्या."

"येतील की," मामा म्हणाले. "त्या कोऱ्याच चढवा."

जाता जाता त्यांनी सवयीनं भट्टी गार करणाऱ्या पाण्याचा नळ पाहिला, चालू होता, आणि ते बाहेर पडले.