एकतीस तारीख

माझ्या भावजयीला प्रोग्रामिंगचा श्रीगणेशा मीच करून दिला, हे आता घरात कुणाच्या लक्षातही नाही. पोटापाण्यासाठी मी हेच काम करते. माझं स्वतःचं एक मोठं ॲप कित्येक वर्षं लॅपटॉपमध्ये आहे, म्हणजे त्याचं नाव आहे आणि रंग ठरलेत. आणि ही बाई, मुलगी शाळेतून येईपर्यंत जेवणाच्या टेबलाचा कोपरा पुसून बसते आणि रोज काहीतरी चिमुकलं करूनच उठते. भांडी घासायची पाळी ठरवणारं. बाबांचा चष्मा शेवटी कुठे दिसला ते सांगणारं. हसण्यासारखंच सगळं, पण एक दिवस खाडा नाही. मला ते बघवत नाही.

पूर्वी आईचा मोबाइल अडला की ती मला बोलवायची. आता म्हणते, "तू कशाला धावपळ करतेस, ही आहे ना घरात." माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा हिने डोळ्यात थेंब घालायच्या वेळेला मोबाइल वाजेल असं काहीतरी बनवलं. मला म्हणाली, "ताई, जरा नजर टाका ना. चुकलं असेल तर सांगा."

मी नजर टाकली. चूक पहिल्या फटक्यात सापडली. तिने प्रत्येक महिना तीस दिवसांचा धरला होता. एकतीस तारखेला ते वाजणारच नव्हतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"छान झालंय," मी म्हटलं.

एकतीस तारखेला मी रजा टाकून सकाळीच माहेरी गेले. थेंब चुकू देणार नव्हते, इतकी काही मी वाईट नाही. मला फक्त ते गप्प बसलेलं सगळ्यांना दिसायला हवं होतं. वेळ झाली. मोबाइल वाजला नाही. मी बाटली हातात घेतली आणि जमेल तेवढ्या साध्या आवाजात म्हटलं, "आई, थेंब घालायचे ना? आज वाजलं कसं नाही?"

भावजय स्वयंपाकघरातून धावत आली. तिचा पडलेला चेहरा बघून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी आईच्या डोळ्यात थेंब घालेपर्यंत तिने लॅपटॉप उघडला, ओळ न् ओळ वाचत गेली आणि कपाळावर हात मारला.

"अगंबाई, महिना एकतीसचाही असतो की." तिने तिथल्या तिथे दुरुस्त केलं. "चला, आजचं काम हेच."

"किती पटकन केलंस गं," आई कौतुकाने म्हणाली. मग डोळे मिटूनच तिने मला विचारलं, "तुला दाखवलं होतं ना हिने? तुझ्या लक्षात नाही आलं?"

भावजयही माझ्याकडे बघत होती. लबाड ठरायचं की अडाणी, एवढंच माझ्या हातात उरलं होतं.

"नाही आलं," मी म्हटलं.

"असू दे." आईने चाचपडत माझा हात शोधला आणि थोपटला. "हिला विचारत जा. ती शिकवेल तुला."