इंदरलालच्या मनगटावरच्या घड्या

उमेंद्रचं कुडव्यात मोबाईलचं दुकान होतं. फोनच्या काचा बदलणं, चार्जर विकणं हे होतंच, पण अलीकडे दुकान चालायचं ते स्मार्ट घड्यांवर, म्हणजे मनगटावरच्या स्मार्टवॉचवर. गिऱ्हाईक काउंटरवर कोपर टेकवून विचारायचं, "भैया, इनमें अच्छी कौनसी?" रोज तेच सांगून कंटाळल्यावर उमेंद्र व्हिडिओ करू लागला. डबा उघडून घडीचे गुण गाणारे पुष्कळ होते. याचं म्हणणं निराळं होतं. घडीच्या आतली सिस्टीम कशी आहे हे दुकानात कळत नाही, कामात कळतं. आणि कामाचा माणूस त्याच्या घरातच होता.

त्याचे वडील इंदरलाल सौंदडला राहायचे. एकदा छातीत कळ येऊन नागपूरला दाखवून आले होते, तरी धानाच्या बांधीत पाय ठेवल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. उमेंद्रने त्यांच्या दोन्ही मनगटांवर एकेक घडी बांधली. डावीकडे मोठ्या कंपनीची महागडी, उजवीकडे स्वस्तातली.

"दोन-दोन कायले?" इंदरलाल म्हणाले.

"लोकायले दाखवाचं हाय बाबूजी. रोजच्या कामात कोणती टिकते ते."

"मंग मले नोको इचारू. घडीलेच इचार."

पण म्हातारा रमला. महागडी घडी हुशार होती, नाडी बिनचूक धरायची, पण तिचे नखरे फार. रोज संध्याकाळी चार्जिंगला लावा, त्यात वीज गेली की सकाळी ती मेलेली. चिखलाच्या बोटाला तिचा पडदा दाद देत नसे आणि ऐन कामात इंग्रजीत काहीबाही अपडेट मागत बसे. स्वस्तातली आठवडाभर चालायची. आकडे मोठे, चिखल धुतला की झालं. इंदरलालनी कॅमेऱ्यापुढे उजवा हात वर करून निकाल दिला, "हे बरी हाय. काही मागत नाई." त्यांचं हे बोलणं लोकांना इतकं आवडलं की उमेंद्रकडे तीच घडी मागायला जिल्ह्यातल्या गोरेगावहूनही माणसं येऊ लागली.

एक गोष्ट त्याने व्हिडिओत सांगितली नव्हती. एकदा दुकानात गंमत म्हणून त्याने ती स्वस्त घडी गुंडाळलेल्या दुपट्ट्याला बांधली होती. घडीने दुपट्ट्याची नाडी दाखवली, चांगली निरोगी माणसाची. उमेंद्र एकटाच हसला. ते चित्रीकरण त्याने केलं होतं, टाकलं मात्र नाही.

निकालानंतरही डाव्या हातावर राहिलेली महागडी घडी माणूस पडला की आपणहून उमेंद्रला फोन करायची. धानाची कापणी आटोपून चुरणी, म्हणजे मळणी, लागली तसे तिचे फोन सुरू झाले. इंदरलाल भारा उचलून फेकायचे आणि घडीला वाटायचं, म्हातारा पडला. एकदा उमेंद्र दुकान उघडं टाकून वाटेतल्या कोहमाऱ्यापर्यंत गाडी दामटत आला, तेव्हा कुठे बाबूजींनी फोन उचलला.

"भारा फेकला गा. तू काऊन धापा टाकून राहिला?"

त्या दिवशी त्याने घडीचं ते काम बंद करून टाकलं. पुढच्या अपडेटमध्ये सुधारेल, तेव्हा पुन्हा चालू करू, असं त्याच्या मनात होतं.

मग एका दुपारी शेजारच्या शेतातल्या मुन्नालालचा फोन आला.

"बाबूजी पडले तुये. वावराच्या धुऱ्यावर. बोलून नाई राहिले."

उमेंद्रच्या तोंडून निघालं, "घडी पाह्य. ठोके दाखवते का?"

"डाव्या हातची नुसत्या रेघा दाखवून राहिली. उजव्या हातची बहात्तर."

डावी घडी काय सांगते हे त्याला कळत होतं. उजवी कशी आहे हे तर त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. तरी तो म्हणाला, "बहात्तर ना? मंग जित्ते हायेत. अँब्युलन्स बोलव. मी निघालोच."

रस्ताभर तो हेल्मेटमध्ये खुपसलेल्या फोनवर विचारत राहिला. "आता?" मुन्नालाल सांगायचा, "सत्तर." थोड्या वेळाने पुन्हा, "आता?" "चौऱ्याहत्तर." आकडा वाढला की त्याला हुरूप यायचा. दुपट्टा डोळ्यांपुढे आला की तो ॲक्सिलरेटर पिळायचा.

सरकारी दवाखान्यात पोहोचला तेव्हा डॉक्टर बाई मुन्नालालशी बोलत होत्या.

"छाती दाबली का कोणी? लगेच?"

"नाई जी. धडकन तर चालू होती."

"कुठे पाहिली तुम्ही?"

मुन्नालालने उमेंद्रकडे पाहिलं.  छाती दाबली असती तर वाचले असते का, हे उमेंद्रने विचारलं. डॉक्टर बाई म्हणाल्या, सांगता येत नाही. नाही असं त्या म्हणाल्या नाहीत.

आत खाटेशी त्याची माय, शांतीबाई, नवऱ्याचा उजवा हात मांडीवर घेऊन बसली होती. ती रडत नव्हती.

"डॉक्टरनी चुकून राहिली," ती म्हणाली. "हे पाह्य. अडुसष्ट. तू सांग तिले, तुले समजते यातलं."

"माय, ते घडी खोटी हाय."

"तूच बांधली ना?"

"हो."

"मंग खोटी कशी?"

 त्याने बापाच्या मनगटावरची घडी सोडली, पायथ्याची चादर गुंडाळली आणि तिच्याभोवती पट्टा आवळला. मागचा हिरवा दिवा चादरीवर लुकलुकला. थोडा वेळ गेला आणि पडद्यावर एकाहत्तर आले.

शांतीबाई त्या चादरीकडे पाहत राहिली.

"तुले पयलेपासून मालूम होतं?"

"हो माय."

तिने इंदरलालचा हात हळूच खाटेवर ठेवला, त्यांच्या बोटांवरचा वाळलेला चिखल पदराने पुसला, मग उठून बाहेर गेली. उमेंद्रकडे तिने पाहिलं नाही.

तेरवी झाल्यावर त्याने दुपट्ट्याचा तो जुना व्हिडिओ टाकला. बापाचं काय झालं तेही सांगितलं. खूप लोकांनी पाहिला, हळहळ लिहिली. पुढच्या आठवड्यात एक जण काउंटरवर येऊन तीच घडी मागू लागला. ती नाडी खोटी दाखवते, उमेंद्र म्हणाला. "नाडी किसको देखनी है," गिऱ्हाईक म्हणालं, "चार्जिंग टिकती है ना?" उमेंद्रने घडी दिली नाही. त्या माणसाने ती समोरच्या दुकानातून घेतली.

मायला कुडव्याला आणायला तो दोनदा गेला. ती आली नाही. ती त्याला वाढायची, पाणी द्यायची, बोलायची मात्र मुन्नालालच्या बायकोशी. आता तो रोज संध्याकाळी फोन लावतो. बराच वेळ घंटी वाजते, मग ती उचलते.

"जित्ती हाव," म्हणते आणि फोन ठेवून देते.